कानबानची चिठ्ठी

१९५० साली जपानमधली टोयोटा कंपनी जवळजवळ बुडाली होती. संप झाला, हजाराहून जास्त कामगारांना घरी जावं लागलं आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. ताइइची ओनो तेव्हा कारखान्याचं मशीन शॉप सांभाळत होते. त्यांची अडचण कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला ओळखीची वाटेल. महिन्याचा बराचसा काळ सुटे भाग गोळा होण्याची वाट बघण्यात जायचा आणि गाड्यांची जुळणी अखेरच्या दिवसांत रेटून उरकली जायची. नको असलेल्या भागांचे ढीग साचलेले, हव्या त्या भागाचा मात्र पत्ता नाही.

लोक कामचुकार नव्हते. आपलं यंत्र रिकामं दिसू नये म्हणून प्रत्येक विभाग जमेल तितका माल बनवून पुढे ढकलत होता. ओनोंनी ही दिशाच उलटवली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत त्यांच्या कानावर आली होती : गिऱ्हाईक फळीवरून हवं तेवढं उचलतं आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढीच दुकानदार भरतो. त्याप्रमाणे पुढच्या विभागाने मागच्याकडून लागेल तेवढंच आणायचं आणि मागच्याने नेलं गेलं तेवढंच नव्याने बनवायचं, असं ठरलं. १९५३ च्या सुमारास हे मशीन शॉपमध्ये सुरू झालं. खुद्द सुपरमार्केट ओनोंनी पाहिलं ते १९५६ च्या अमेरिका दौऱ्यात.

मागणीचा निरोप न्यायला प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद होता. कोणता भाग, किती नग, कुठून कुठे, एवढंच त्यावर लिहिलेलं. हाच कानबान. चिठ्ठी आल्याशिवाय माल बनवायचा नाही, हा नियम. चिठ्ठ्या मोजक्याच असल्यामुळे अर्धवट पडून राहणाऱ्या मालालाही आपसूक चाप बसला. १९६२ पर्यंत ही रीत कंपनीभर पसरली.

जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये रांगांविषयी एक साधं सूत्र सिद्ध केलं होतं. त्याचा टोयोटाशी संबंध नव्हता, पण ओनोंची पद्धत का चालते हे त्यातून कळतं. टीम आठवड्याला सरासरी पाच कामं संपवत असेल आणि चाळीस कामं एकदम हाती घेतलेली असतील, तर एका कामाला सरासरी आठ आठवडे लागणार. संपवण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं दहावर आणली, तर दोन आठवडे. कुणाला जास्त वेळ बसवावं लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या कुळात हा वारसा आला २००४ मध्ये, आणि तोही हैदराबादमार्गे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची डागडुजी करणारी एक छोटी टीम तिथे होती. एखादी मागणी पूर्ण व्हायला सुमारे पाच महिने लागत. ड्रागोश दुमित्रिऊ यांच्याकडे ही टीम आली तेव्हा त्यांनी कंपनीतल्याच डेव्हिड अँडरसन यांचा सल्ला घेतला. दोघांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं, की मंडळींचा जवळजवळ एक तृतीयांश वेळ नव्या मागण्यांचे अंदाज बांधण्यात खर्च होत होता. त्यातल्या कित्येक मागण्या कधी हातीही घेतल्या जाणार नव्हत्या! त्यांनी अंदाज बांधणं थांबवलं, एका वेळी किती कामं आत घ्यायची याची हद्द आखली, आणि मागण्या करणाऱ्या मॅनेजरांना एकच प्रश्न उरला : आता एक जागा रिकामी झाली आहे, तिथे काय घालायचं? पाच महिन्यांची वाट दोन-तीन आठवड्यांवर आली.

या हकिकतीत मला तो प्रश्नच सर्वांत मोलाचा वाटतो. ऐंशी कामांची प्राधान्याने क्रमवारी लावायला बसलं की प्रत्येकाचं काम ‘अर्जंट’ असतं आणि बैठक संपत नाही. जागा एकच असली की निवड करावीच लागते.

२००५ च्या वसंतात अँडरसन टोकियोत राजवाड्याच्या बागेत गेले. तिथे तेव्हा आत शिरताना फुकट बिल्ला देत आणि बाहेर पडताना परत घेत. बिल्ले संपले की नव्या पाहुण्याला थांबावं लागे. आपल्या कामाशी याचं नातं त्यांना तिथेच उमगलं. पुढे सिअ‍ॅटलच्या कॉर्बिस या छायाचित्रांच्या कंपनीत, २००७ च्या सुमारास, भिंतीवर रकाने आखून चिठ्ठ्या चिकटवलेला फळा अवतरला. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहिलेला होता. टेस्टिंगचा रकाना भरला की डेव्हलपरने नवं तिकीट, म्हणजे नवं काम, उघडायचं नाही, टेस्टरच्या मदतीला जायचं.

आज हिंजवडीपासून हैदराबादपर्यंत ‘टू डू, इन प्रोग्रेस, डन’ असा फळा प्रत्येक टीमच्या स्क्रीनवर दिसतो. बहुतेक ठिकाणी रकान्यावरचा आकडा मात्र गायब असतो, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. ‘इन प्रोग्रेस’मध्ये एकाच माणसाच्या नावावर सात-सात तिकिटं अडकलेली असतात आणि रोजच्या स्टँडअप बैठकीला तो सातही तिकिटांची प्रगती सांगत राहतो. फळा आहे, पण ओनोंची मोजकी चिठ्ठी नाही.

या कुळाची एक धाकटी शाखा एकट्या माणसासाठी आहे. जिम बेन्सन आणि टोनियान डिमारिया बॅरी यांचं ‘पर्सनल कानबान’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यांचे नियम दोनच : काम डोळ्यांसमोर मांडा, आणि हातात घेतलेल्या कामांना मर्यादा घाला. मॅनेजर बदलत नसेल, टीम ऐकत नसेल, तरी हा आकडा स्वतःपुरता लिहिता येतो. मी तीन लिहीन.