हत्तीरोग : बाधितांमधील संरक्षक प्रतिपिंडे

हत्तीरोगाच्या कृमीची बाधा झालेल्या माणसाच्या रक्तात त्या कृमीविरुद्ध अनेक प्रतिपिंडे तयार होतात. त्यांपैकी जी कृमीची एखादी अवस्था प्रत्यक्ष रोखतात किंवा मारतात, त्यांना संरक्षक प्रतिपिंडे म्हणतात. ज्याला बाधा झालीच आहे त्याला संरक्षण कसले, हा प्रश्न या व्याख्येबरोबरच उभा राहतो. ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ची प्रौढ नर-मादी लसीकावाहिन्यांत साधारण पाच ते सात वर्षे जगतात, मादीने सोडलेले असंख्य सूक्ष्मकृमी रात्री रक्तात फिरतात, आणि त्याच रक्तात कृमीविरोधी प्रतिपिंडेही भरपूर सापडतात. त्यावरून ही प्रतिपिंडे निरुपयोगी आहेत असे मानणे घाईचे ठरेल. हा कृमी माणसाच्या शरीरात एकाच रूपात राहत नाही. डासाच्या चाव्यावेळी त्वचेवर उतरणारी तिसऱ्या अवस्थेतील अळी, प्रौढ कृमी आणि सूक्ष्मकृमी यांचे पृष्ठभाग वेगवेगळे असतात. त्यामुळे एका अवस्थेपुढे हतबल ठरलेले शरीर दुसरीला दारातच अडवू शकते.

याचा सर्वांत बोलका पुरावा पापुआ न्यू गिनीतून आला. हत्तीरोगाच्या तिथल्या पट्ट्यात माणसांना वर्षानुवर्षे डास चावत राहतात; प्रत्येक अळी वाढली असती तर वयाबरोबर कृमींचा भार अखंड चढत गेला असता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसे दिसले नाही. रक्तात फिरणाऱ्या कृमिजन्य प्रतिजनावरून भार मोजला, तेव्हा वर्षभरात तो वाढला तो मुख्यतः मुलांत आणि तरुणांत. वीस वर्षांपुढच्यांत तो जवळपास स्थिर राहिला. अळीच्या पृष्ठभागाला चिकटणारी प्रतिपिंडेही प्रामुख्याने याच मोठ्या वयाच्या लोकांत आढळली. जुने कृमी आत सुखाने नांदतात आणि नव्या अळ्या मात्र रुजत नाहीत, या स्थितीला सहवर्ती प्रतिकारक्षमता म्हणतात. बाधिताचे संरक्षण म्हणजे मुख्यतः हेच.

सूक्ष्मकृमींच्या बाबतीत गणित वेगळे आहे. त्यांच्याभोवतीच्या पातळ आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे हत्तीपाय झालेल्या आणि रक्तात सूक्ष्मकृमी नसलेल्या रुग्णांत बहुधा सापडतात. ज्यांच्या रक्तात सूक्ष्मकृमी आहेत त्यांच्यात ती सहसा सापडत नाहीत. हत्तीपायाच्या रुग्णाचा रक्तद्रव मिसळला की श्वेतपेशी सूक्ष्मकृमीला घट्ट चिकटतात आणि तो मरतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. उलट अशा सूक्ष्मकृमी-वाहकांच्या रक्तात आयजीजी-४ या प्रतिपिंडाच्या उपप्रकाराचे प्रमाण फार चढलेले असते. आयजीजी-४ पूरक प्रथिनांची साखळी चालू करत नाही, मारक पेशींनाही नीट बोलावत नाही. शिवाय दाह चेतवणारे आयजीई प्रतिपिंड ज्या प्रतिजनावर बसायचे तीच जागा अडवून दाह मंद करते. म्हणून प्रतिपिंडांची एकूण पातळी पाहून संरक्षणाचा अंदाज बांधणे चूक आहे. प्रतिपिंड कोणत्या जातीचे आहे आणि कशावर बसते, हे आधी विचारले पाहिजे.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. पूर्वी साथक्षेत्रातील लक्षणरहित आणि सूक्ष्मकृमीरहित माणसांना सरसकट ‘रोगप्रतिकारक’ मानून त्यांच्या प्रतिपिंडांची वाहकांशी तुलना होई. प्रतिजन चाचण्या आल्यावर त्यांतल्या काहींच्या शरीरात प्रौढ कृमी लपून असल्याचे उघड झाले. त्या काळचे निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात. मात्र पापुआ न्यू गिनीचा पुरावा प्रतिजनाच्या मोजमापावरच उभा असल्याने तो या आक्षेपाने ढासळत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो : आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे सूक्ष्मकृमी नाहीसे होण्याचे कारण आहेत की परिणाम? वाहकात ती तयार होऊन कृमींवरच खपून जात असतील, तर ती रक्तात दिसणारच नाहीत. केवळ माणसांच्या निरीक्षणातून हा पेच सुटत नाही. येथे प्राणिप्रयोगांची साक्ष मोलाची आहे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी नसलेल्या उंदरांत ‘ब्रुगिया’ या हत्तीरोगाच्याच दुसऱ्या कृमीच्या अळ्या निरोगी उंदरांच्या तुलनेत तग धरतात. म्हणजे अळीपुरते तरी प्रतिपिंडांचे कारणत्व मान्य करावे लागते.

तिसरा आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो लस तयार करणाऱ्यांनी कायम समोर ठेवावा. उष्णकटिबंधीय फुप्फुसी इओसिनोफिलिया या त्याच कृमीमुळे होणाऱ्या विकारात सूक्ष्मकृमीविरोधी प्रतिसाद इतका तीव्र असतो की रक्तात एकही सूक्ष्मकृमी दिसत नाही, पण रात्रीचा खोकला आणि दम रुग्णाला जेरीस आणतो. उपचार लांबला तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. सूक्ष्मकृमींवर तुटून पडणारे प्रतिपिंड म्हणूनच लसीसाठी आदर्श ठरत नाही. अळीला, ती संख्येने थोडी असताना, त्वचेजवळच गाठणारे प्रतिपिंड अधिक सुरक्षित. कृमीची एएलटी-२ व एचएसपी १२.६ ही प्रथिने आणि टेट्रास्पॅनिन या प्रथिनाचा एक भाग जोडून बनवलेली प्रायोगिक लस याच दिशेची आहे. साथक्षेत्रात राहूनही बाधामुक्त असलेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे या प्रथिनांना ओळखतात, हे त्यांच्या निवडीमागचे एक कारण होते.

विदर्भात हा विषय दूरचा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत कृमीच्या प्रतिजनांवर आणि त्यांविरुद्धच्या प्रतिपिंडांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. तीन औषधांचा एकत्रित सामुदायिक उपचार देशात प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत नागपूर होता. औषधे रक्तातले सूक्ष्मकृमी झपाट्याने हटवतात, पण डासाबरोबर येणारी पुढची अळी अडवत नाहीत.