चार अंशांचं पाणी

८ डिसेंबर २०१५. चिलीच्या दक्षिणेला, पातागोनियातल्या लागो हेनेराल कारेरा या सरोवरात दोघांची एक कयाक उलटली आणि संध्याकाळपर्यंत डग्लस टॉम्पकिन्स गेले. ‘द नॉर्थ फेस’ ही कंपनी ज्यांनी काढली तेच हे टॉम्पकिन्स. डोंगरात जाणाऱ्यांना ऊब विकणारा माणूस गारठून गेला, या योगायोगावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. त्या दिवसाच्या वेळापत्रकाकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. थंड पाण्यात कयाक घेऊन मासे धरायला जाणाऱ्यांनी ते पाहायलाच हवं. टॉम्पकिन्स मासेमारीला गेले नव्हते, मित्रांबरोबर सहलीला गेले होते. पण हातात गळ आहे का वल्हं, असं पाणी विचारत बसत नाही.

काही दिवस आधी

सहा जणांची टोळी. टॉम्पकिन्स ७२ वर्षांचे. त्यांचे जुने दोस्त इव्हॉन शुइनार्ड ७७ वर्षांचे, ‘पॅटागोनिया’ या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक. हे दोघे १९६८ साली कॅलिफोर्नियाहून गाडी हाकत फिट्झ रॉय शिखर चढायला आले होते, तेव्हापासून हा मुलूख त्यांच्या ओळखीचा. तिसरे रिक रिजवे, १९७८ साली के-टू शिखर कृत्रिम प्राणवायूशिवाय चढलेले आणि पुढे पॅटागोनिया कंपनीतच मोठ्या पदावर गेलेले. उरलेले तिघे वयाने लहान, पण नद्यांवर मुरलेले. कुणीही नवशिका नव्हता, आणि थंडीत काय घालावं हे तर यातल्या तिघांनी जगाला शिकवलं होतं.

सरोवर चिली आणि अर्जेंटिनात वाटलेलं आहे. साडेपाचशे मीटरहून खोल, निळंशार आणि हिमनद्यांच्या पाण्यावर पोसलेलं. ट्राउट मासळीसाठी जगभरचे हौशी लोक या भागात येतात. उन्हाळ्यातसुद्धा पाणी गारच राहतं, आणि दऱ्यांमधून वारा कधी कुठून सुटेल याचा नेम नसतो.

त्या सकाळी, किनाऱ्यावर

माझ्या मते दुर्घटनेचं घड्याळ इथेच सुरू होतं, कपडे घालताना. पुढे जे काही होतं त्यातलं बरंचसं या वीस मिनिटांत ठरलेलं असतं.

डिसेंबर म्हणजे तिकडे उन्हाळ्याची सुरुवात. वल्हवायला लागलं की अंग तापतं, घाम येतो. त्यामुळे माणूस हवा बघून कपडे घालतो. सरोवराचं पाणी त्या दिवशी सुमारे चार अंश सेल्सिअस होतं. टॉम्पकिन्स यांच्या अंगात ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर सूट, नव्हता.

कयाकवरून मासे धरणाऱ्याची गोष्ट आणखी अवघड. नुसतं वल्हवणारा सतत हलत असतो. गळ टाकून बसलेला तास तास बसून राहतो. मासा लागला की एका अंगाला झुकतो, जाळी पुढे करतो, कधी नांगराचा दोर सोडवायला मागे वळतो. होडी कलंडते ती बहुधा अशाच वेळी. म्हणून त्याने पाणी बघूनच कपडे घालायचे, हवा कितीही छान असो.

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा. सुती कापड भिजलं की ऊब धरत नाही, अंगाला चिकटून उलट गारवा देतं. रेनकोट पावसापुरता ठीक. पाण्यात पडल्यावर गळ्यातून आणि कमरेखालून पाणी आत घुसतं आणि त्याचा उपयोग संपतो. वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक विजारी, मासेमारांच्या लाडक्या. त्यात पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो, ही समजूत चुकीची आहे, कारण पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. खरा त्रास होतो तो वर चढताना. पाण्याने भरलेले दोन पाय कयाकवर ओढून घेणं बधिर हातांना जमत नाही. ज्यांना वेडर्स सोडवत नाहीत त्यांनी कमरेचा पट्टा घट्ट आवळावा आणि उथळ पाण्याबाहेर जाऊ नये.

वेटसूट निओप्रीनचा असतो. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उष्णतेने कोमट होतं आणि रबरातले वायूचे बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. तो अंगाला घट्ट बसला तरच काम करतो. काखेत किंवा कमरेत सैल राहिला तर दर हालचालीला गार पाणी आत-बाहेर होत राहतं. शिवाय पाण्याबाहेर वाऱ्यात ओला वेटसूट घालून चार तास गळ धरून बसणं म्हणजे शिक्षाच. पाणी पंधरा अंशांच्या आसपास असेल आणि किनारा जवळ असेल, तर जाड वेटसूटवर निभावतं.

पाणी दहा अंशांच्या खाली असेल तर माझ्या लेखी ड्रायसूटला पर्याय नाही. तो महाग आहे, चांगला घ्यायचा तर हजार डॉलरच्या आसपास, कधी त्याहून वर. पण एक गोष्ट विकणारेही नीट सांगत नाहीत. ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही. तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब असते ती आतल्या लोकरीच्या आणि फ्लीसच्या थरांत. नुसत्या टी-शर्टवर ड्रायसूट चढवणारा माणूस कोरडा राहतो आणि कोरडाच गारठतो. मानेला आणि मनगटाला रबरी कडी असतात, त्यांतून पाणी शिरत नाही. मात्र मासेमाराच्या हातात सदैव टोकदार गळ असतात, आणि मनगटाच्या पातळ लेटेक्सला एक टोचा पुरतो. गळ काढताना मासा उसळतो, हात सटकतो, आणि भोक पडलेलं त्या क्षणी कळतही नाही. निघण्यापूर्वी मानेचं कडं दोन बोटांनी ताणून उकिडवं बसायचं, म्हणजे आत अडकलेली हवा फुस्स करून निघून जाते. नाहीतर पाण्यात पाय फुगून वर येतात. आणि छातीवरची चेन शेवटच्या दातापर्यंत लागली आहे ना, ते बोट फिरवून पाहायचं. लघवीला जाऊन आल्यावर तर नक्कीच.

या सगळ्याच्या वर लाइफ जॅकेट. ते पायाशी ठेवायचं नसतं, अंगात घालून बंद करायचं असतं.

शून्य मिनिट

टॉम्पकिन्स आणि रिजवे एकाच कयाकमध्ये होते. तिचं सुकाणू नीट चालत नव्हतं. बाकीचे चौघे पुढे होते. वाऱ्याचा जोर वाढला, लाटा आडव्या यायला लागल्या. सुकाणू ऐकत नसताना लांब, जड, दोघांची कयाक लाटेला तोंड करून धरणं फार कठीण. ती उलटली आणि दोघं पाण्यात गेले.

पहिलं मिनिट

गार पाणी अंगाला लागताच छाती आपोआप मोठा श्वास आत ओढते. हा श्वास माणसाच्या हातात नसतो. तोंड पाण्याखाली असेल तर फुप्फुसात पाणीच जातं. मग धाप लागते, हृदयाचे ठोके सुसाट वाढतात. थंड पाण्यातले बरेच मृत्यू इथेच, पहिल्या काही मिनिटांत होतात. अंग गारठायला अजून अवकाश असतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेख्त या संशोधकाने स्वतःला बर्फाळ पाण्यात अनेकदा बुडवून घेतलं आणि लक्षात राहील असा एक हिशेब मांडला: एक, दहा, एक. एका मिनिटात श्वास ताब्यात आणायचा. दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो.

पहिल्या मिनिटात लाइफ जॅकेट तोंड पाण्यावर धरतं. वेटसूट आणि ड्रायसूट कातडीला बसणारा तो पहिला तडाखा बोथट करतात. म्हणून सूट हा फक्त लांबच्या तासासाठी असतो, असं समजू नये. टॉम्पकिन्स आणि रिजवे यांनी हे मिनिट पार केलं.

दहा मिनिटं

दोघांनी कयाक सरळ करून आत चढायचा प्रयत्न केला. लाटांनी ती पुन्हा भरली, पुन्हा उलटली. अनुभव कमी पडला असं म्हणता येणार नाही. शरीर पोटातली ऊब वाचवण्यासाठी हातापायांचं रक्त मागे खेचतं, आणि बोटांनी मूठ वळेनाशी होते.

मासेमाराने या दहा मिनिटांचा विचार घरी करायचा असतो. तंगूस बांधायला, गळ सोडवायला उघडी बोटं लागतात, म्हणून मोजे काढलेले असतात आणि हात आधीच अर्धे गारठलेले. बोटांची टोकं उघडी ठेवणारे निओप्रीनचे मोजे त्यातल्या त्यात बरे. डोक्याला निओप्रीनची टोपी. शिट्टी आणि वायरलेस संच लाइफ जॅकेटवर, दोन्ही हातांना पोचेल असा. होडीच्या डब्यात ठेवलेला फोन होडीबरोबर जातो. चेनच्या टोकाला मोठं कडं लावून घ्यावं, अंगठ्याने ओढता येईल इतकं. आणि सर्वांत आधी, उन्हाळ्यात, उथळ पाण्यात, उलटलेल्या कयाकवर परत चढायची तालीम. ज्याला कोमट पाण्यात चढता येत नाही त्याला चार अंशांत येणार नाही.

अर्धा तास

वारा आणि प्रवाह दोघांना किनाऱ्यापासून आत, सरोवराच्या मध्याकडे नेत होते. कयाक सोडून पोहत जमीन गाठायची असं त्यांनी ठरवलं. तो निर्णय चूक की बरोबर हे उबेत बसून सांगणं सोपं आहे. सर्वसाधारण नियम असा की होडी सोडू नये: ती तरंगते, शोधणाऱ्याला दिसते, आणि पोहण्याने अंगातली ऊब झपाट्याने जाते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता खेचून घेतं. पण होडीच आत वाहत चालली असेल तर करायचं काय? पोहूनही ते किनाऱ्याच्या जवळ सरकेनात. आपण आता बुडणार असं वाटल्याचं रिजवे यांनी नंतर सांगितलं.

पुढे गेलेल्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. दोघांच्या दुसऱ्या एका कयाकमधले दोन सहकारी रिजवेपर्यंत पोचले. रिजवे तिच्या मागच्या टोकाला लटकले आणि ओढत किनाऱ्याला आणले गेले.

एक तास, आणि त्यानंतर

एकट्याच्या कयाकमधला तरुण सहकारी टॉम्पकिन्स यांच्याकडे गेला. एका हाताने त्यांना धरायचं आणि दुसऱ्याने वल्हं मारायचं, असं तो वाऱ्याविरुद्ध झगडत राहिला. स्वतः उलटू नये म्हणूनही त्याला तोल सांभाळावा लागत होता. टॉम्पकिन्स सुरुवातीला साथ देत होते; पुढे त्यांची शुद्ध हरपली. खासगी हेलिकॉप्टर आलं आणि दोराच्या साहाय्याने दोघांना किनाऱ्याकडे ओढून नेलं. तोवर टॉम्पकिन्स तासाभराहून अधिक काळ पाण्यात होते. ड्रायसूट आणि आत लोकरीचे दोन थर असते तर हा काळ काढता आला असता का? खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण असा सूट जे विकत देतो ते हेच: आणखी एखादा तास.

संध्याकाळ

त्यांना कोयाइके शहरातल्या रुग्णालयात आणलं तेव्हा शरीराचं आतलं तापमान १९ अंश होतं. निरोगी माणसाचं ३७ असतं. २८ च्या खाली गेलं की हृदय केव्हाही बंद पडू शकतं. १९९९ साली नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर बर्फाखाली सुमारे ८० मिनिटं अडकली होती. तिचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं, तरी त्रोम्सोच्या रुग्णालयात हृदय-फुप्फुस यंत्रावर ठेवून तिला वाचवलं गेलं. तेव्हा आकडा पाहून आशा सोडायची नसते. टॉम्पकिन्स यांच्या बाबतीत डॉक्टरांना यश आलं नाही.

आपल्यासाठी

मालवणला किंवा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाच्या अंगात कोमट पाण्याचा हिशेब मुरलेला असतो: पोहता येतं म्हणजे भीती नाही. स्कॉटलंडच्या सरोवरात, नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, कॅनडाच्या ओंटारिओत शनिवार-रविवारी गळ घेऊन निघणाऱ्या मराठी मंडळींना तो हिशेब घातक ठरू शकतो. पुण्या-मुंबईहून झंस्करला राफ्टिंगला जाणाऱ्यांनाही. तिथलं पाणी हिमनद्यांचंच असतं, आणि भाड्याने मिळालेला वेटसूट दोन मापं मोठा असेल तर बदलून मागायला लाजू नये.

कयाक घ्यायचा बेत असेल तर पैसे आधी सूटसाठी बाजूला काढा. रॉड जुना चालेल. सूट आणल्यावर आत घालायच्या सगळ्या कपड्यांसकट किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात बसून पाहा, कुणीतरी सोबत असताना. मनगटाशी किंवा मानेशी ओल जाणवली, तर सूट दुरुस्तीला द्या आणि त्या आठवड्याची मासळी बाजारातून आणा.