काळ्या लोकरीची तक्रार

काळ्यावर दुसरा रंग चढत नाहीं, असें आपल्याकडे रंगारीहि म्हणतात आणि गृहिणीहि. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं पॅरिस येथील एका सरकारी कारखान्यांत या समजुतीची मोठी कसोटी लागली. आणि तीतून जें शास्त्र निघालें, तें चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आजहि शिकावें लागतें.

कारखान्याचें नांव गोबेलँ. रंगीत लोकरीच्या व रेशमाच्या धाग्यांनीं चित्रें विणावयाचीं आणि तीं राजवाड्यांच्या भिंतींवर टांगावयाचीं, हें तेथील काम. चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, १६६२ सालीं, त्याचा मंत्री कोल्बेर यानें या कारखान्याला राजाश्रय मिळवून दिला. १८२४ सालीं तेथील रंगशाळेचा प्रमुख म्हणून मिशेल यूजेन शेव्रल याची नेमणूक झाली. हा गृहस्थ रंगारी नव्हता आणि चित्रकारहि नव्हता. तो रसायनशास्त्रज्ञ होता. चरबी आणि तेल यांच्या घटनेवरचा त्याचा ग्रंथ आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झाला होता, आणि साबण होतांना चरबीचें नेमकें काय होतें, हें जगाला त्यानेंच उलगडून दाखविलें होतें. अशा माणसाच्या पुढ्यांत विणकरांच्या तक्रारी येऊन पडल्या. फिकट निळा, जांभळा, करडा, तपकिरी हे रंग टिकत नाहींत, ही एक तक्रार. दुसरी काळ्या लोकरीविषयीं. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमधील छाया विणण्यासाठीं जी काळी लोकर मिळते, तिच्यांत जोर नाहीं. ती विटल्यासारखी दिसते, असें विणकरांचें म्हणणें.

तक्रार लहान दिसते. पण तिच्यांत रंगाऱ्यांची अब्रू गुंतलेली होती. एकेक पट विणावयास कधीं कधीं वर्षें लागत. तो उतरल्यावर छाया फिकी पडली असें ठरलें, तर बोल यावयाचा तो कढईजवळ उभ्या असलेल्या माणसावर. शेव्रलनें दोन्ही तक्रारी प्रयोगास लाविल्या. टिकाऊपणाची तक्रार खरी निघाली. काळ्या रंगासाठीं मात्र त्यानें फ्रान्समधील व परदेशांतील नामांकित रंगशाळांतून काळी लोकर मागविली आणि ती गोबेलँच्या लोकरीशेजारीं ठेवून पाहिली. परकी लोकर कोठेंहि सरस ठरेना. म्हणजे रंगारी निर्दोष होता, आणि विणकर तर खोटें बोलत नव्हते. त्यांना काळा खरोखरच विटका दिसत होता. मग दोष कोणाचा?

दोष शेजाराचा होता. दोन रंग जवळजवळ ठेवले, कीं डोळ्याला ते जसेच्या तसे दिसत नाहींत. प्रत्येकांत दुसऱ्याच्या पूरक रंगाची छटा मिसळल्यासारखी वाटते. शेव्रलच्या हिशेबानें तांबड्याचा पूरक हिरवा, निळ्याचा नारिंगी, पिवळ्याचा जांभळा. निळ्याला लागून असलेल्या काळ्यावर म्हणून नारिंगीची झांक येते. नारिंगी मुळांत उजळ, त्यामुळें काळ्याचा काळेपणा उतरतो. शिवाय निळा स्वतःच गडद असला, तर काळ्याला उठाव देणारा फिकेपणा शेजारीं उरतच नाहीं. काळ्यावर दुसरा रंग चढत नाहीं ही म्हण कढईपुरती खरी. डोळ्यांत तो खुशाल चढतो.

शेजारच्या रंगांचा हा खेळ शेव्रलच्या आधींहि पाहिला गेला होता. लिओनार्दोनें त्याची दखल घेतली होती, आणि रंगीत सावल्यांवर गटेनें १८१० सालच्या आपल्या ग्रंथांत पुष्कळ लिहिलें होतें. पण गम्मत म्हणून पाहणें निराळें आणि रंगाच्या जोड्या एकामागून एक लावून त्यांतून नियम काढणें निराळें. तें काम शेव्रलचें. १८२८ सालीं त्यानें आपला निबंध फ्रेंच विज्ञानसंस्थेपुढें वाचला आणि १८३९ सालीं त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ग्रंथ जाडजूड आहे आणि, खरें सांगावयाचें तर, सलग वाचणाऱ्याचा अंत पाहणारा आहे. परंतु त्यांतील व्यवहारांतल्या हकीकती मोठ्या मासलेवाईक आहेत. कांहीं व्यापाऱ्यांनीं तांबड्या, जांभळ्या व निळ्या कापडावर काळी नक्षी छापावयास दिली. माल परत आला तेव्हां ते संतापले. तांबड्यावरची नक्षी हिरवट, जांभळ्यावरची हिरवट पिवळी आणि निळ्यावरची तांबूस तपकिरी दिसत होती. छापणाऱ्यांनीं फसविलें, असा बोभाटा झाला. शेव्रलनें पांढरा कागद घेतला, नक्षीपुरता कापला आणि कापडावर ठेवून भोंवतालची जमीन झांकली. नक्षी तिन्ही ठिकाणीं स्वच्छ काळी निघाली! दुसरी हकीकत कापडाच्या दुकानांतली. गिऱ्हाइकापुढें एकाच तांबड्या कापडाचे चौदा तागे ओळीनें उलगडले, तर शेवटचे सहा-सात पहिल्यांच्या मानानें मळकट वाटूं लागतात. तांबडें पाहून थकलेला डोळा त्यांत हिरवें मिसळूं लागतो. मधून एखादें हिरवें कापड दाखवावें, कीं तांबडें पुन्हां टवटवीत. साड्यांच्या खरेदीला गेलेल्या मंडळींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दुकानदारांना ती बहुधा आधींच ठाऊक असते.

रंगाचें नांव सांगून रंगाऱ्याला काम समजत नाहीं, हीहि शेव्रलची अडचण होती. म्हणून त्यानें ७२ रंगांचें चक्र रचलें. प्रत्येक रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंत २० पायऱ्या, आणि काळें मिसळत जाऊन मंद केलेले आणखी प्रकार, असे मिळून १४,४०० हून अधिक रंग त्याच्या गणतींत बसले. त्याच्या चक्राचा पाया मात्र पुढें ढळला. तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग त्यानें धरले होते. पण प्रकाशाचें मिश्रण आणि रंगद्रव्याचें मिश्रण या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, हें हेल्महोल्ट्झनें १८५२ सालीं दाखविलें. पिवळा प्रकाश व योग्य तो निळा प्रकाश एकत्र आले तर पांढरा होतो. हिरवा होतो तो रंगाच्या वाटींत. शेजाराचा नियम मात्र या दुरुस्तीनंतरहि उभा राहिला.

चित्रकारांनीं शेव्रलला डोक्यावर घेतलें, पण कित्येकांनीं त्याचा इशारा ऐकला नाहीं. पूरक रंग एकमेकांना खुलवितात, तें ते वेगवेगळे दिसण्याइतके मोठे असतील तरच. विणकामांत बारीक धागे एकमेकांत मिसळले, कीं तेच पूरक रंग परस्परांना मारतात आणि करडेपणा उरतो. आपल्या पैठणींतील धूपछांव साधते तीहि ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळेंच. तेथेंहि जोडी चुकली तर वस्त्र मळकें दिसावयाचें. जॉर्ज सरा यानें १८८४ ते १८८६ या काळांत ग्रांद-जात बेटावरील रविवारचें आपलें प्रचंड चित्र बारीक ठिपक्यांनीं रंगविलें. तें अद्वितीय आहे. पण ठिपक्यांच्या या पद्धतीनें दुरून रंग करडे पडतात, अशी टीका झाली, ती निराधार नव्हती. शेव्रल हें सर्व पाहावयास हयात होता. तो १८८९ च्या एप्रिलांत, वयाच्या १०३ व्या वर्षीं वारला.

यानंतर चक्र शाळेंत शिरलें, आणि तेथें त्याची गत पाढ्यांसारखी झाली. कोणाच्या समोर कोण, हें मुलें घोकूं लागलीं. लोकर विसरली गेली. ती रीत उलटी फिरविली योझेफ आल्बर्स यानें. जर्मनींतील बाउहाउस या कलाशाळेंत तो प्रथम विद्यार्थी व पुढें शिक्षक होता. १९३३ सालीं नाझी अमलांत ती शाळा बंद पडल्यावर तो अमेरिकेंत गेला आणि १९५० पासून येल विद्यापीठांत शिकवूं लागला. तो विद्यार्थ्यांना रंगाच्या वाट्या देत नसे. रंगीत कागदाचे तुकडे गोळा करावयास सांगे, कारण कागदाचा रंग हाताच्या चुकीनें बदलत नाहीं. मग तो कोडें घाली. एकाच कागदाचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या जमिनींवर असे ठेवा, कीं ते दोन वेगळे रंग वाटावेत. तें साधल्यावर त्याच्या उलट: दोन भिन्न रंग एकच भासले पाहिजेत. नियमाचें नांव त्यानंतर. १९६३ सालीं त्यानें हे धडे ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

पहिलें कोडें घरींहि सोडवितां येतें. करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापावे. एक तांबड्या कागदावर ठेवावा, एक हिरव्यावर. पहिल्यांत हिरवट झांक दिसेल, दुसऱ्यांत गुलाबी. मग दोन्ही उचलून पांढऱ्या कागदावर शेजारीं शेजारीं ठेवावे.