चॅम्पियन: छापलेला आणि न छापलेला

मुष्टियुद्धाच्या सिनेमांवर बोलताना आपण रिंगपासून सुरुवात करतो. आज वर्तमानपत्रापासून करू. कारण ‘चॅम्पियन’ ही कथा 1916 साली लिहिणारा रिंग लार्डनर मुळात क्रीडा-पत्रकार. (नावात रिंग, हा मात्र योगायोग.)

त्याचा मिज केली पहिल्यांदा कुणाला आडवा करतो? आपल्याच अपंग धाकट्या भावाला, अर्ध्या डॉलरसाठी. मग आईवरही हात उचलतो. पुढे बायकोला वाऱ्यावर सोडतो. आणि कथा संपते तेव्हाही तो चॅम्पियनच असतो बघा. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. उलट एक वार्ताहर त्याच्या साधेपणाचं कौतुक छापतो. खरं हाती लागलं असतं तरी छापलं गेलं नसतं, कारण लोकांना ते नकोच होतं, असा लार्डनरचा शेवट.

1949 साली मार्क रॉबसनने त्यावर सिनेमा काढला. पटकथा कार्ल फोरमनची, मिज झाला कर्क डग्लस. इथे तो शेवटची लढत जिंकतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊन मरतो. हॉलिवूडवर 1934पासून प्रॉडक्शन कोडची सक्ती होती, दुर्गुण सुखरूप सुटलेला चालत नसे. आम्हाला हा शेवट कथेपेक्षा सौम्य वाटतो. पण एक गोष्ट फोरमनने अचूक हेरली: मार खाल्लेला भाऊच वार्ताहराला सांगतो की मिज या खेळाचं भूषण होता. कथेतलं खोटं खपासाठी होतं, इथलं मयताची अब्रू राखण्यासाठी.

आता आपल्याकडे या. वाशीच्या बाजार समितीत सातारा-सांगलीकडचे माथाडी पुष्कळ, त्यांना पेठ-इस्लामपूर भाग सांगायला नको. तिथले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग लुळा पडला, रिंग सुटली. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. म्हणजे इथे वार्ताहराला काही रचावं लागणार नव्हतं, नुसतं लिहायचं होतं. तरी आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव शाळेत ऐकलं? पद्मश्री मिळाली 2018 साली, 46 वर्षांनी. कबीर खानचा सिनेमा त्याहून सहा वर्षं उशिरा आला, 2024मध्ये. त्याच्याही नावात ‘चॅम्पियन’ आहे: ‘चंदू चॅम्पियन’.