शर्यतीआधीची शर्यत

आमचा पुतण्या पहाटे सायकलवरून पन्हाळा चढून येतो. त्याच वेळी मी रंकाळ्यावर फिरायला जायचे ठरवतो. (ठरवतो, एवढेच म्हटले आहे.) जुलै उजाडला की हा पठ्ठ्या टीव्हीपुढे 'तूर द फ्रान्स' ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत लावून बसतो. परवा म्हणाला, "काका, ह्यात आपला संघ का नाही हो?"

मी पडलो बँकेतला माणूस. 'का नाही' म्हटले की मला पहिला प्रश्न सुचतो, पैसे कोण भरणार? आणि गंमत म्हणजे, इतिहास चाळला तर तिथेही हाच प्रश्न बसलेला!

ही शर्यत 1903 साली 'लोतो' नावाच्या फ्रेंच वृत्तपत्राने काढली, ती अंक खपावेत म्हणून. स्वारांना पोसायचे सायकल कारखानदार. 1929 साली एका कंपनीचा स्वार आजारी असूनही सोबत्यांनी सांभाळून नेल्यामुळे जिंकला, आणि संयोजक आंरी देग्रांज भडकले. 1930 पासून त्यांनी कंपन्यांना नारळ दिला आणि देशादेशांचे संघ निवडले. सर्वांना सारख्याच, बिननावाच्या पिवळ्या सायकली! तत्त्व झकास; पण सायकली, जेवणखाण, मुक्काम, सगळा खर्च वृत्तपत्राच्या गळ्यात. तो भागवायला शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांची वरात काढावी लागली. शेवटी 1962 साली कंपन्यांचे संघ परत आले. मध्ये 1967 आणि 1968 ही दोन वर्षे सोडली, तर आजतागायत तेच आहेत.

आता वरच्या श्रेणीतल्या संघांना हक्काने प्रवेश मिळतो, खालच्या श्रेणीतल्या मोजक्यांना गुणांवर, आणि उरलेल्या जागांची आमंत्रणे संयोजक वाटतात. म्हणजे आपल्या लग्नासारखेच. जवळच्यांना बोलवावेच लागते. रुसवेफुगवे उरलेल्या पत्रिकांवरून! 2008 साली आस्ताना संघाला जुन्या उत्तेजक-प्रकरणांमुळे बोलावणेच गेले नाही. त्यामुळे त्या संघात आलेला आदल्या वर्षीचा विजेता काँतादोर बाहेर. नवरदेवच मांडवाबाहेर म्हणा ना!

पुतण्या हिरमुसला. मग मी त्याला फ्रान्सहून थेट कोल्हापुरात आणले.

राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मॅटवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसताना सहावे आले. 1952 साली हेलसिंकीची वेळ आली तेव्हा निवडीतच गाडी अडली. मद्रासच्या स्पर्धेत वशिल्यापायी आपल्याला एक गुण कमी दिला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली, आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतच केले. (चीत केल्यावर गुण मोजायला कुणी बसत नाही.)

निवड झाली, पण तिकिटाचे काय? गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरी कमी पडले, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी सरांचे कर्ज फेडले.

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझा जन्म गेला. उत्पन्न, जामीनदार, तारण, सगळे रकाने मला तोंडपाठ आहेत. 'पोरगा जिंकून येईल' असा रकाना काही मी आजवर पाहिला नाही. खर्डीकर सरांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्यावर काय शेरा मारला असता, हा विचार मी रात्री करत नाही. झोप उडते.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "काका, आपलं घर कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या काकूच्या," मी म्हणालो, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.