लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रिया : यंत्राचा इतिहास आणि रुग्णांचा अनुभव (विशेष संदर्भ : नवी मुंबई)

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोध, शोधकर्ते आणि उपकरणे यांच्या क्रमाने लिहिला जातो. रुग्ण त्या इतिहासात येतो तो प्रामुख्याने संख्येच्या रूपाने. लेसर किरणांच्या साहाय्याने चष्म्याचा नंबर घालविण्याच्या शस्त्रक्रियेला ही पद्धत अपुरी पडते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेलेली दृष्टी परत मिळवून देते. लेसर शस्त्रक्रिया मात्र चष्म्याने जे साधते तेच चष्म्याविना साध्य करून देते. सुदृढ डोळ्यावर, स्वेच्छेने आणि स्वखर्चाने केल्या जाणाऱ्या अशा उपचाराचे मोल रुग्णाच्या अनुभवावरूनच ठरू शकते. तथापि, चष्म्याची खूण पुसून टाकणे हाच तिचा हेतू असल्यामुळे ती यशस्वी झाली की रुग्ण तिला विसरतो, प्रसंगी लपवितोही. डोळ्याची रचना मात्र कायमची बदललेली असते. या विसंगतीतून निर्माण होणारा नोंदींचा प्रश्न प्रस्तुत लेखात ऐतिहासिक अंगाने मांडला आहे.

१. चष्मा आणि मराठी समाज

'चष्मा' हा शब्द डोळा या अर्थाच्या फारसी 'चश्म' शब्दापासून आला. मराठीने त्याच्या जोडीला 'चाळिशी' हा स्वतःचा शब्द घडविला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास जवळचे वाचणे अवघड होते, हे निरीक्षण त्यात सामावलेले आहे. चाळिशी लावलेल्या व्यक्तीकडे अनुभवाची आणि वाचनाची व्यक्ती म्हणून पाहिले गेले. तरुण वयातील चष्म्याच्या वाट्याला हा मान आला नाही. शाळेतील चष्मा लावणारा मुलगा 'ढापण्या' किंवा 'चष्मिस' ठरला आणि जाड भिंगांना सोडावॉटरच्या बाटलीची उपमा मिळाली. वधूवर सूचक मंडळांच्या अर्जांत उंची, वर्ण, रास, गण व नाडी यांच्या बरोबरीने चष्म्याचाही रकाना असे. हा निकष मुलींच्या बाबतीत अधिक काटेकोरपणे लावला जाई, ही बाब सर्वपरिचित आहे.

याचा अर्थ असा की, लेसर यंत्र भारतात येण्यापूर्वीच त्याची मागणी समाजात तयार होती. निकटदृष्टिता हा वैद्यकीयदृष्ट्या सामान्य दोष. परंतु विवाह आणि नोकरी या दोन ठिकाणी त्याला व्यंगाचे रूप मिळाले होते.

२. लेसरपूर्व प्रयत्न

डोळ्याच्या दर्शनी भागातील पारदर्शक पटल म्हणजे कॉर्निया. प्रकाशकिरणांचे बहुतांश वक्रीभवन येथेच होते. त्याची वक्रता बदलल्यास नंबर बदलतो, हे तत्त्व लेसरच्या आधीपासून ज्ञात होते. जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्नियाला आतील बाजूनेही छेद देऊन निकटदृष्टिता कमी करण्याचा प्रयत्न केला. प्रारंभीचे परिणाम उत्साहवर्धक होते. मात्र कॉर्निया स्वच्छ ठेवणाऱ्या आतील पेशींच्या थराचे महत्त्व तेव्हा पुरेसे कळलेले नव्हते. या थराला झालेल्या इजेमुळे अनेक वर्षांनंतर कित्येक रुग्णांचा कॉर्निया सुजून धूसर झाला.

१९७० च्या दशकात सोव्हिएत संघातील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी केवळ बाहेरून अरीय छेद देण्याची पद्धत प्रचारात आणली. ही पद्धत अमेरिकेत आणि पुढे भारतातही पोहोचली. अमेरिकेतील विस्तृत पाहणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ४३ टक्के डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या काळात एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक बदल दूरदृष्टितेच्या दिशेने झालेला आढळला. दरम्यान कोलंबियातील होसे बाराकेर यांनी १९४९ पासून कॉर्नियाचा पातळ थर कापून त्याला नवा आकार देण्याचे तंत्र विकसित केले होते. आजच्या लॅसिकचे मूळ या तंत्रात आहे.

सातो आणि फ्योदोरोव्ह यांच्या पद्धतींचा अनुभव एकच धडा देतो. दृष्टिसुधार शस्त्रक्रियेचा खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागत नाही. त्यासाठी दहा-वीस वर्षे जावी लागतात आणि तोवर रुग्णाचा माग ठेवावा लागतो.

३. एक्सायमर लेसरचा शोध

लेसर शस्त्रक्रियेच्या इतिहासात एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे स्थान मध्यवर्ती आहे. मद्रास विद्यापीठात शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या संशोधन केंद्रात कार्यरत होते. तेथे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील एक्सायमर लेसरवर प्रयोग चालू होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, म्हणजे अमेरिकेतील थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हा किरण सोडला. आजूबाजूचा भाग न भाजता अत्यंत रेखीव छेद मिळाला. जेम्स विन व सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी होते. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासमवेत श्रीनिवासन यांनी कॉर्नियावरील प्रयोग केले आणि ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८८ मध्ये मार्गराइट मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेत दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर या लेसरने निकटदृष्टितेची शस्त्रक्रिया केली. पृष्ठभागावरील या पद्धतीला पीआरके म्हणतात. बाराकेर यांचे थर कापण्याचे तंत्र आणि एक्सायमर लेसर यांचा संयोग ग्रीसमधील योआनिस पालिकारिस यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस साधला. त्यातून 'लॅसिक' हे नाव रूढ झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये दृष्टिदोष सुधारण्यासाठी एक्सायमर लेसरला मान्यता दिली.

या शस्त्रक्रियेचे गणित सोपे आहे आणि तेच तिची मर्यादाही स्पष्ट करते. कॉर्नियाची मध्यभागी जाडी सरासरी सुमारे ५४० मायक्रॉन असते. सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एक डायॉप्टर नंबर घालविण्यासाठी साधारण १२ मायक्रॉन ऊती काढावी लागते. म्हणजे उणे सहा नंबरासाठी सुमारे ७२ मायक्रॉन. वरची पापुद्र्यासारखी पाती ११० मायक्रॉनची धरल्यास खाली ३५८ मायक्रॉनचा थर उरतो. हा थर २५० मायक्रॉनहून कमी होऊ नये असा संकेत आहे. मूळ कॉर्निया पातळ वा कमकुवत असल्यास शस्त्रक्रियेनंतर तो पुढे फुगू शकतो. १९९८ मध्ये थिओ झायलर यांनी लॅसिकनंतरच्या या विकाराकडे लक्ष वेधले. तेव्हापासून शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीला, आणि प्रसंगी रुग्णाला नकार देण्याला, विशेष महत्त्व आले.

४. मुंबई आणि नवी मुंबई

भारतात ही शस्त्रक्रिया आली ती आर्थिक उदारीकरणाच्या दशकात. मुंबईत लॅसिक रुजविणाऱ्यांमध्ये डॉ. बर्जोर बनाजी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली; नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला आणि त्याच वर्षी वाशीपर्यंत उपनगरी रेल्वे धावू लागली. म्हणजे या शहराचे तारुण्य आणि लॅसिकचा प्रसार हे समकालीन आहेत. वाशी, महापे व कोपरखैरणे येथील संगणक व्यवसाय, बेलापूरची कार्यालये आणि नेरूळ-खारघरच्या शैक्षणिक संस्था यांमुळे पडद्यासमोर दिवस घालविणारा, गर्दीच्या लोकलमधून प्रवास करणारा आणि बचतीतून स्वतःच्या निर्णयाने उपचार घेऊ शकणारा तरुण वर्ग येथे एकवटला. पुढे पनवेलची लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि सानपाड्याचे अॅडव्हान्स्ड आय हॉस्पिटल यांसारख्या संस्थांमुळे नेत्रोपचारांसाठी खाडीपूल ओलांडून मुंबईला जाण्याची गरज कमी झाली.

हा उपचार जवळजवळ संपूर्णपणे खाजगी क्षेत्रात आणि स्वखर्चाने वाढला. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर असल्यास या उपचाराचा खर्च वगळता येतो. विमा व्यवस्था त्याकडे निवड म्हणून पाहते, गरज म्हणून नव्हे.

५. नोकरीचे निकष : एकच डोळा, तीन निर्णय

अनेक तरुणांच्या दृष्टीने मात्र ही निवड गरजेइतकीच निकडीची असते. नेरूळजवळील करावे येथे १९९३ पासून टी. एस. चाणक्य ही नौकानयन प्रशिक्षण संस्था आहे. १९२७ ची डफरीन आणि १९७२ ची राजेंद्र या प्रशिक्षण नौकांची परंपरा तिने पुढे चालविली. व्यापारी नौदलाच्या नौकानयन शाखेत चष्म्याविना उत्तम दूरदृष्टीची अपेक्षा असते, तर अभियांत्रिकी शाखेत मर्यादित नंबर चालतो. त्यामुळे नंबर किती, यावर तरुणाची शाखाच ठरते.

सैन्यदलांनी लेसर शस्त्रक्रिया अटींसह स्वीकारली आहे. ती वयाच्या २० वर्षांपूर्वी झालेली नसावी, निर्धारित कालावधी उलटलेला असावा आणि कॉर्नियाची उरलेली जाडी पुरेशी असावी, अशा त्या अटी आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश घेण्याचे वय याहून कमी असल्याने तेथील इच्छुकाला हा मार्ग उपलब्ध नसतो. याउलट रेल्वेच्या साहाय्यक लोको पायलट पदाच्या भरतीत लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरविला गेला आहे. एकाच शस्त्रक्रियेबाबत संस्थांनी भिन्न निर्णय घेतले आहेत. भरतीच्या आशेने घाईने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी कळणे आवश्यक असते. महाविद्यालयीन मार्गदर्शनात या विषयाला क्वचितच स्थान मिळते.

६. अनुभवाचे स्वरूप आणि त्याची साक्ष

रुग्णांच्या कथनांत काही टप्पे वारंवार येतात. डोळ्यात बधिर करणारे थेंब, पापण्या रोखून धरणारी चाप, चोषण-कड्याचा दाब आणि काही क्षण पसरणारा अंधार. त्यानंतर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे स्थिर पाहण्याची सूचना, यंत्राची टकटक आणि केस जळल्यासारखा वास. प्रत्यक्ष लेसर काही सेकंदांचा असतो. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, पाणी येते. दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीवरील अक्षरे चष्म्याविना वाचता येतात. सांगितली जाणारी गोष्ट बहुधा येथे संपते.

गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. डोळ्यांचा कोरडेपणा, वातानुकूलित कार्यालयात वाढणारी जळजळ, रात्री वाहन चालविताना दिव्यांभोवती दिसणारी वलये, या तक्रारी बऱ्याच जणांत काही महिन्यांत ओसरतात. काहींच्या बाबतीत त्या टिकतात. अमेरिकेत २५ एप्रिल २००८ रोजी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीसमोर असंतुष्ट रुग्णांनी जाहीर साक्ष दिली. त्यानंतर रुग्णांच्या अनुभवाची पद्धतशीर पाहणी हाती घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ९५ टक्क्यांहून अधिक सहभागी आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. त्याच वेळी, आधी कोणतेही दृश्य-लक्षण नसलेल्यांपैकी दोन गटांत अनुक्रमे ४३ व ४६ टक्के व्यक्तींनी तीन महिन्यांनंतर किमान एक नवे लक्षण नोंदविले. समाधान आणि तक्रार एकाच रुग्णात एकत्र नांदू शकतात, हे या पाहणीने दाखविले. केवळ नंबर मोजून हे समजले नसते.

भारतात रुग्णाच्या आवाजाला बळ मिळाले ते न्यायालयीन मार्गाने. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती देऊन संमती घेण्याचे तत्त्व स्पष्ट झाले. चष्मा हा सुरक्षित पर्याय सदैव उपलब्ध असल्यामुळे लेसर शस्त्रक्रियेत या तत्त्वाला विशेष वजन आहे.

७. विसर आणि नोंद

१९९० च्या दशकात व त्यानंतर लॅसिक करून घेतलेली पहिली पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. चाळिशी तिलाही लागली आहे, कारण डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होणे लेसरने थांबत नाही. यापुढील टप्पा मोतीबिंदूचा आहे. त्या शस्त्रक्रियेत बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. निकटदृष्टितेसाठी लॅसिक झालेल्या डोळ्यात नेहमीची मापनपद्धती कॉर्नियाची शक्ती प्रत्यक्षाहून अधिक दाखविते. परिणामी कमी शक्तीचे भिंग निवडले जाऊन रुग्णाला दूरदृष्टिता येऊ शकते. पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्यातील दाबही कमी नोंदला जातो आणि काचबिंदूचे निदान लांबण्याचा संभव असतो. नव्या गणनसूत्रांमुळे जुन्या मोजमापांवरील अवलंबन घटले आहे. परंतु शस्त्रक्रिया झाली होती, हे तरी डॉक्टरांना कळले पाहिजे.

येथेच व्यवस्थेतील उणीव दिसते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन करण्याचे बंधन आले. लॅसिकचा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि त्याला त्या नोंदीची गरज पंचवीस-तीस वर्षांनी भासते. मधल्या काळात रुग्ण शहर बदलतो, रुग्णालय बंद पडते किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होते. विवाहाच्या वेळी दडविलेली बाब पुढे कुटुंबालाही ठाऊक नसते. ज्या सामाजिक दडपणाने शस्त्रक्रियेकडे नेले, तेच दडपण तिची नोंद पुसून टाकते.

समारोप

लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रियेने असंख्य व्यक्तींना चष्म्यापासून मुक्त केले, हे निर्विवाद आहे. परंतु सातो यांच्या रुग्णांपासून २००८ च्या साक्षीदारांपर्यंतचा इतिहास पाहता, या क्षेत्रातील महत्त्वाचे ज्ञान दीर्घकाळ रुग्णांचे ऐकून घेतल्यानेच मिळाले आहे. नवी मुंबईसारख्या तरुण शहरात या शस्त्रक्रियेचे लाभार्थी आता मध्यमवयीन होत आहेत. त्यांचे अनुभव मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करणे इतिहास, समाजशास्त्र आणि वैद्यक या विभागांना एकत्रितपणे शक्य आहे. दरम्यान, शस्त्रक्रियेपूर्वीची वक्रता, जाडी व नंबर यांची नोंद असलेला कागद रुग्णाने जन्मदाखल्याप्रमाणे जपावा आणि रुग्णालयांनी तो न मागता द्यावा, एवढी व्यवस्था तरी व्हावयास हवी. चष्मा विसरता येतो. त्याच्या जागी झालेला बदल मात्र डोळा आयुष्यभर वागवतो.