मातीचें देवमंदिर आणि सिमेंटचें कवच

मातीला बळकटी कशी आणावी, हा प्रश्न फार पुरातन आहे. मिसर देशांत इस्राएल लोकांस विटांसाठीं गवत मिळेनासें झालें, तेव्हां त्यांच्यावर केवढें संकट ओढवलें, हें निर्गमाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायांत आपण वाचतों. ओली चिकणमाती सुकतांना आकसते व तडकते. तींत मिसळलेली काडी तो ताण सोसून तिला धरून ठेवते. आपले पूर्वज भिंतीच्या चिखलांत पेंढा तुडवीत, त्याचें कारण हेंच.

याच रीतीनें अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत, ताओस गांवाच्या दक्षिणेस रांचोस द ताओस येथें, असिसीकर संत फ्रान्सिस यांचें देवमंदिर १८१६ च्या सुमारास पुरें झालें. तेव्हां तो मुलूख स्पेनच्या अंमलाखालीं होता. भिंती उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांच्या. वर माती, वाळू व गवत यांचा गिलावा. पावसानें व बर्फानें तो झिजे आणि भाविक तो पुन्हां लावीत.

या नित्याच्या श्रमांतून सुटका व्हावी म्हणून १९६७ सालीं भिंतींवर सिमेंटचा कठीण गिलावा चढविण्यांत आला. परंतु मातीच्या भिंतींत शिरलेली ओल हवेंत उडून जावी लागते. सिमेंटला भेगा पडल्या, त्यांतून पाणी आंत गेलें आणि आंतच कोंडलें. झांकलेल्या विटा भिजून पुन्हां चिखल होऊं लागल्या. बाहेरून मात्र कांहीं दिसेना. अखेर १९७९ सालीं तें कवच काढून पुन्हां माती-गवताचा गिलावा देण्यांत आला. तेव्हांपासून दरसाल उन्हाळ्यांत तेथील लहानथोर एकत्र जमून चिखल मळतात व आपल्या हातांनीं भिंती लिंपतात.

सिमेंटचा आम्ही तिरस्कार करीत नाहीं; जेथें तें हवें, तेथें हवेंच. पण मनुष्यकृत कार्बन डायऑक्साइड वायूपैकीं सुमारें शेंकडा ७ ते ८ भाग सिमेंट बनवितांना निघतो, हेंही विसरून चालणार नाहीं. माती-गवतास भट्टी लागत नाहीं. लागते ती निगा.

जुबिलीच्या या वर्षीं आम्हांस एवढेंच सांगावेंसें वाटतें. आपल्या देवमंदिराची डागडुजी जेव्हां निघेल, तेव्हां भिंत कशाची आहे हें आधीं पाहावें, मग गिलावा निवडावा. आणि ज्यांनीं वर्गणी दिली, त्यांनीं एक दिवस येऊन हातही लावावा.